पाणबुड्याचे पाय

लातूर-नांदेडकडे पोहणं शिकायचं ते विहिरीत. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा, आणि कुणीतरी मागून ढकलून द्यायचं. डबा कुठे बांधायचा याचा नियम मात्र पक्का: पाठीला. पायाला बांधलात तर पाय वर आणि डोकं खाली. हवा वर जाते, आणि जिथे अडकली असेल तो अवयवही सोबत घेऊन जाते.

विहिरीवरच्या पोरांना ठाऊक असलेली ही गोष्ट जगभरच्या पाणबुड्यांना फार महागात शिकावी लागली. पाण्याखालच्या पोशाखाचा इतिहास सांगताना सगळे शिरस्त्राणाबद्दल बोलतात. खरी झटापट पायांशी चालली होती.

सुरुवात दगडापासून करू. मन्नारच्या आखातात मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे दोरीला बांधलेल्या दगडावर पाय ठेवून तळ गाठत. खाली पोहोचले की दगड सोडून द्यायचा, वरचा माणूस तो ओढून घेई. म्हणजे वजन पायाशी हवं, पण नको तेव्हा ते सुटायलाही हवं.

1830 च्या दशकात लंडनमध्ये ऑगस्टस सीबे यांनी धातूचं शिरस्त्राण आणि रबरी कापडाचा बंद पोशाख एकत्र जोडला. वरून पंपाने हवा यायची. पण ती पोशाखाच्या पायांत भरली, तर माणूस उलटा होऊन फुग्यासारखा वर फेकला जाई. उत्तर म्हणून शिशाच्या तळव्यांचे बूट आले. जोडीचं वजन साधारण 15 किलो किंवा त्याहूनही जास्त. शिवाय पायांमागे दोरीच्या लेस आवळत, म्हणजे पोटऱ्यांभोवती हवेला जागाच उरू नये.

त्या पाणबुड्याला पोहायचं नव्हतं, तळावर चालायचं होतं. पोहण्याची कल्पना वेगळ्या वाटेने आली. 1933 मध्ये फ्रेंच नौदल अधिकारी लुई द कोर्लिये यांनी पायात घालायच्या रबरी पंखांचं, म्हणजे फिन्सचं, पेटंट घेतलं. 1940 पासून अमेरिकेत ओवेन चर्चिल यांनी ते विकायला काढले आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या पाणबुड्यांच्या पायांत ते दिसू लागले. उभा चालणारा माणूस आता आडवा तरंगू लागला.

आणि जुनं दुखणं परत आलं. ड्रायसूट म्हणजे मान आणि मनगटांशी घट्ट बंद होणारा, आत पाणी न शिरू देणारा पोशाख. खोल जाताना तो दाबाने अंगाला आवळतो, म्हणून छातीवरच्या झडपेतून आत हवा सोडतात. ती बाहेर काढायची झडप बहुधा दंडावर असते. पाय डोक्यापेक्षा वर गेले की हवा पायांत धावते, आणि दंडावरची झडप तिथे काहीच करू शकत नाही. बूट फुगतात, फिन्स निसटतात, माणूस उलटा वर जाऊ लागतो. अशा वेळी गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची आणि पाय खाली आणायचे, हे आधी सरावाने शिकावं लागतं.

आज दुकानात मिळणाऱ्या वस्तू या इतिहासातूनच आल्यात. पोटरीवर आवळायचे गेटर्स म्हणजे जुन्या पोशाखातल्या लेस. घोट्यावरची वजनं म्हणजे शिशाच्या बुटांची नातवंडं. पण प्रत्येक लाथेसरशी ते वजन उचलावं लागतं, दमछाक होते. म्हणून क्रम असा: आधी पायाच्या मापाचा सूट, जाड मोजे घालून बसणारे बूट, त्या बुटांवर नीट बसतील अशा जरा जड रबरी फिन्स. एवढं करूनही पाय वर जात असतील, तरच घोट्यावर वजन.

तुम्ही म्हणाल, ज्या लातूरला 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथे ही चर्चा कशाला?

ड्रायसूट फक्त थंडीसाठी नसतो, घाण पाण्यासाठीही असतो. नांदेडमध्ये गोदावरीत कुणी बुडालं की अनेकदा आधी उतरतात ते काठावरचे मासेमार आणि पट्टीचे पोहणारे. अंगावर चड्डी, पाय अनवाणी, तळाशी काचा, तारा आणि शहराचं सांडपाणी. पायांचा इतिहास दोनशे वर्षं पुढे गेला, पण हे पाय मन्नारच्या दगडापर्यंतही पोहोचलेले नाहीत.

दुष्काळाने आपल्याकडे आणखी एक पाणी आणलं. शेततळं. प्लास्टिकचं अस्तर, उतरत्या भिंती, त्यावर शेवाळ. पडलेल्या माणसाचा पाय तिथे ठरत नाही. चांगला पोहणाराही काठाला येऊन घसरत राहतो. त्यासाठी ना शिशाचे बूट लागतात, ना फिन्स. काठावरच्या खुंटाला पक्की बांधलेली, जागोजागी गाठी मारलेली आणि तळापर्यंत सोडलेली एक दोरी लागते. सोबत एक रिकामा डबा.

पाण्यात पायांना काय हवं, हे आधी तळ ठरवतो. आपल्या गावच्या पाण्याचा तळ कसा आहे, हे पुढच्या उन्हाळ्याआधी एकदा बघून घ्या.