तळटीप : जॉर्ज टाउनमधली चर्च आणि नरकाचं भय

१७. मद्रासच्या जॉर्ज टाउनमधली सगळीच चर्च नरकाचा एकच बागुलबुवा दाखवतात, असं लेखक धरून चालतो. तसं नाही. आर्मेनियन स्ट्रीटवरचं सेंट मेरीज को-कॅथीड्रल कॅथलिक. मनापासून पस्तावून धर्मगुरूपुढे पापं कबूल केली की क्षमा आहे. तरीही पुरता शुद्ध न झालेला आत्मा शुद्धिस्थानातून स्वर्गात जातो. नरक उरतो तो दया शेवटपर्यंत झिडकारणाऱ्याला. अँडरसन चर्च मुळात स्कॉटिश प्रेस्बिटेरियन. त्या पंथाच्या १६४६च्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रात स्वर्ग आणि नरक, तिसरी जागा नाही. मेलेल्यांसाठी प्रार्थनाही वर्ज्य. लेखकाचा टोमणा लागू पडलाच तर इथे, आणि तोही अर्धाच, कारण ख्रिस्तावर विश्वास ठेवून पश्चात्ताप करणाऱ्याला इथेही क्षमा आहेच. को-कॅथीड्रलच्या जवळच १७७२चं आर्मेनियन चर्च आहे. ती परंपरा शुद्धिस्थान मानत नाही, पण मृतांवर देवाने दया करावी म्हणून प्रार्थना करते. तिथे पायाखाली येतात त्या कोरीव शिळा थडग्यांच्याच. मद्रासेत १७९४मध्ये ‘अझ्दारार’ हे जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक काढणारे हारुत्युन श्मावोन्यान याच आवारात पुरलेले आहेत.