मागच्या रांगेत न गेलेली बाई

एका मोर्चाची गोष्ट सांगतो. आपल्या नव्हे, अमेरिकेतल्या. साल १९१३.

तारीख ३ मार्च, ठिकाण राजधानी वॉशिंग्टन. दुसऱ्या दिवशी वुड्रो विल्सन राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेणार होता. त्याच्या आदल्या दिवशी देशभरच्या बायका मताचा हक्क मागायला रस्त्यावर उतरल्या. पाच हजारांच्या वर बाया. प्रत्येक राज्याची तुकडी वेगळी, झेंडा वेगळा. इलिनॉय राज्याच्या तुकडीत साठेक बाया होत्या आणि त्यांत एक काळी. आयडा बी. वेल्स-बार्नेट. वय पन्नास, चार लेकरांची आई, हाडाची पत्रकार.

मोर्चाच्या तालमीच्या वेळी त्यांना सांगण्यात आलं, तुम्ही आमच्या तुकडीत नको. काळ्या बायांनी मागं, वेगळ्या रांगेत चालायचं. का? तर दक्षिणेकडच्या गोऱ्या बायका बिथरतील, मोर्चा फुटेल. हे सांगणारी तुकडीची पुढारी ग्रेस विल्बर ट्राउट. ती काही दुष्ट बाई नव्हती. आयडाबाई सोबत असाव्यात असं तिला स्वतःलाही वाटत होतं. पण वरून सांगितलं आणि तिनं पडतं घेतलं. आता बोला! हक्क मागायला निघालेली बाई दुसरीला म्हणते, तू जरा मागं हो. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. ‘तुमचा प्रश्न खरा आहे हो, पण आत्ता काढू नका, एकी मोडेल.’ एकी मोडण्याचं पाप नेहमी मागं उभ्या असलेल्याच्याच माथी.

आयडाबाईंनी सांगून टाकलं, चालेन तर इलिनॉयच्या झेंड्याखाली, नाहीतर चालणारच नाही. आणि त्या दिसेनाशा झाल्या. लोकांना वाटलं, गेली रुसून. मोर्चा पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर आला. इलिनॉयची तुकडी पुढं सरकत होती. तेवढ्यात रस्त्याच्या कडेच्या गर्दीतून आयडाबाई बाहेर आल्या आणि बेल स्क्वायर अन् व्हर्जिनिया ब्रुक्स या दोन गोऱ्या सोबतिणींच्या मधोमध चालू लागल्या. शिकागोच्या पेपरात फोटो छापून आला.

ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते आणि इथंच संपवली जाते. टाळ्या पडतात. पण आयडाबाई फक्त मानासाठी त्या रांगेत घुसल्या असं समजलात तर चुकलात. त्यांना मत कशासाठी पाहिजे होतं हे आधी बघितलं पाहिजे.

आयडाबाईंचा जन्म १८६२ चा, मिसिसिपी राज्यातल्या होली स्प्रिंग्ज गावचा. आईबाप गुलाम, म्हणून लेकरू जन्मतःच गुलाम. सोळाव्या वर्षी पिवळ्या तापाच्या साथीत आईबाप गेले. मागं भावंडं. पोरगी शाळेत मास्तरीण झाली आणि घर चालवू लागली. १८८४ साली आगगाडीत बायकांच्या डब्याचं तिकीट असताना तिला ओढून बाहेर काढलं. तिनं रेल्वे कंपनीवर खटला भरला. खालच्या कोर्टात जिंकली, पाचशे डॉलरची भरपाई मिळाली. १८८७ साली वरच्या कोर्टानं निकाल फिरवला. १८९२ साली मेम्फिस शहरात किराणा दुकानाशी बांधलेल्या तिघा काळ्या माणसांना गोऱ्यांच्या झुंडीनं तुरुंगातून ओढून नेलं आणि गोळ्या घातल्या. गुन्हा काय? शेजारच्या गोऱ्याच्या दुकानापेक्षा यांचं दुकान चालत होतं. आयडाबाईंनी आपल्या वर्तमानपत्रात लिहिलं. त्यावर त्यांचा छापखाना फोडला. मग त्या उत्तरेत आल्या, शिकागोत राहिल्या, झुंडीच्या हत्यांची नावागावासकट नोंद करत राहिल्या.

उत्तरेत सगळं आलबेल होतं असंही नाही. स्प्रिंगफील्ड ही इलिनॉयची राजधानी, अब्राहम लिंकनचं गाव. तिथंच १९०८ साली गोऱ्यांच्या जमावानं काळ्यांची वस्ती जाळली. १९०९ च्या नोव्हेंबरात त्याच राज्यातल्या केरो गावात विल जेम्स नावाच्या काळ्या माणसाला जमावानं शेरीफच्या ताब्यातून नेलं, फासावर चढवलं, गोळ्या घातल्या, जाळलं. हजारोंच्या संख्येनं लोक बघायला जमले होते.

आता नीट लक्ष द्या. इलिनॉयमध्ये १९०५ सालचा एक कायदा होता. ज्या शेरीफच्या ताब्यातला कैदी झुंड मारून टाकेल, त्या शेरीफची खुर्ची जाणार. तो कायदा एडवर्ड ग्रीन या काळ्या आमदारानं विधिमंडळात आणला होता. तर केरोच्या शेरीफची खुर्ची गेली. तो गव्हर्नर डिनीनकडं गेला, मला परत घ्या म्हणाला. गावातल्या काही काळ्या लोकांनीही भीतीपोटी त्याच्या बाजूनं सह्या केल्या होत्या. आयडाबाई एकट्या केरोला गेल्या. घराघरातून माहिती काढली, लोकांची सभा घेतली, ठराव करून घेतला आणि गव्हर्नरपुढं शेरीफच्या वकिलांसमोर उभ्या राहिल्या. गव्हर्नरनं शेरीफला परत घ्यायला नकार दिला.

ही साखळी बघा. काळ्या पुरुषांकडं मत होतं, म्हणून आमदार निवडून आला. आमदार होता म्हणून कायदा झाला. कायदा होता म्हणून शेरीफ घरी बसला. १९१० साली आयडाबाईंनी लेखच लिहिला, मताच्या हक्कानं झुंडीच्या हत्या कशा थांबतात यावर. मत म्हणजे त्यांना गळ्यातला फास सोडवायचं हत्यार वाटत होतं. आणि हे हत्यार काळ्या माणसांच्या निम्म्या फौजेकडं, म्हणजे बायांकडं, नव्हतंच.

आता इलिनॉयच्या कायद्याची गोष्ट. तिथल्या बायांना १८९१ साली शाळांच्या निवडणुकीपुरतं मत मिळालं होतं. पुढचं दार बंद, कारण राज्यघटनेत मतदार म्हणजे पुरुष असं लिहिलेलं, आणि घटना बदलणं महाकठीण. कॅथरिन वॉ मॅककलक या वकील बाईनं फट शोधली. घटनेनं जी पदं स्वतः सांगितली आहेत, त्यांच्याच मतदाराला पुरुषाची अट लागते. बाकीच्या पदांसाठी कुणाला मत द्यायचं ते विधिमंडळ साध्या कायद्यानं ठरवू शकतं. राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, शहरांचे मेयर, नगरसेवक ही सगळी त्यातच येतात. १८९३ साली तिनं असा मसुदा केला. वीस वर्षं तो विधिमंडळात जायचा आणि पडायचा.

१९१२ च्या निवडणुकीत तिसरा पक्ष आला, प्रोग्रेसिव्ह. स्प्रिंगफील्डला कुठल्याच पक्षाकडं स्वतःचं बहुमत उरलं नाही. राज्याच्या मताधिकार संघटनेची अध्यक्ष तीच ग्रेस ट्राउट. तिनं गाजावाजा बंद केला. चारेक बाया राजधानीत ठाण मांडून बसल्या. प्रत्येक आमदाराचं कार्ड केलं, कोण कुठला, कुणाचं ऐकतो. सभापती म्हणाला, लोकांना हे पाहिजे कशावरून? शनिवार-रविवारी तो शिकागोत घरी आला, तर दर पंधरा मिनिटाला फोन! सिनेटमध्ये ७ मे १९१३ ला विधेयक २९ विरुद्ध १५ मतांनी पास. खालच्या सभागृहात ११ जूनला ८३ विरुद्ध ५८. पास व्हायला ७७ लागत होती. त्या दिवशी ट्राउटबाई सभागृहाच्या दारात पहाऱ्याला उभ्या होत्या, आपल्या बाजूचा कुणी सटकू नये म्हणून. २६ जूनला गव्हर्नर डन यानं सही केली. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडं बायांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देणारं हे पहिलं राज्य.

संघटना कशी चालवावी हे ट्राउटबाईकडून जरूर शिकावं. तिच्या कामाला कमी लेखायचं कारण नाही. पण मिळालं ते मत अर्धंच होतं. गव्हर्नर निवडायचा नाही, आमदार नाही, खासदार नाही. बायांच्या मतपत्रिका वेगळ्या, पेट्याही वेगळ्या.

मग या अर्ध्या मताचं काळ्या बायांनी काय केलं?

आयडाबाईंनी कायदा व्हायच्या आधीच, ३० जानेवारी १९१३ ला, बेल स्क्वायरच्या साथीनं शिकागोत अल्फा सफ्रेज क्लब काढला होता. काळ्या बायांचा शहरातला पहिला मताधिकार क्लब. दक्षिण भागातला दुसरा वॉर्ड म्हणजे काळ्यांची वस्ती. तिथून तोवर महापालिकेत एकही काळा नगरसेवक गेला नव्हता. मतं काळ्यांची, खुर्ची गोऱ्याची. क्लबच्या बायांनी वॉर्डाचे तुकडे पाडले आणि गल्लोगल्ली जिने चढायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईला नाव नोंदवायला लावायचं, मतपत्रिका कशी भरायची ते शिकवायचं.

आणि दारात भेटला कोण? आपलाच पुरुष. काळा पुरुष. तो हसला. म्हणाला, घरी जाऊन पोरं सांभाळा. म्हणाला, तुम्हाला आता पँटी घालायच्यात काय. काही बाया रडकुंडीला येऊन परत आल्या, आम्हाला नाही जमणार म्हणाल्या. वॉशिंग्टनला गोरी बाई म्हणाली मागं हो, इथं काळा गडी म्हणतो आत हो. आयडाबाईंनी त्यांना पुन्हा त्याच दारांवर पाठवलं. सांगितलं, त्यांना म्हणा, आपला काळा माणूस महापालिकेत बसवायला आम्हाला मत नोंदवायचंय. तेव्हा कुठं गड्यांचा सूर बदलला.

फेब्रुवारी १९१४ ची वॉर्डाची प्राथमिक निवडणूक. विल्यम कोवन हा काळा उमेदवार पक्षाच्या यंत्रणेविरुद्ध उभा राहिला. क्लबच्या बाया त्याच्यामागं. तो पडला. फक्त १६७ मतांनी. पण पक्षाच्या पायाखालची जमीन हादरली. आजवर ज्यांच्या दारात ताटकळावं लागायचं, ते पुढारी बायांच्या बैठकीत येऊन विनवू लागले, बंडखोर उभा करू नका, पुढची जागा रिकामी झाली की काळा उमेदवार देतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये ऑस्कर डी प्रीस्ट शिकागोचा पहिला काळा नगरसेवक म्हणून निवडून आला. १९२८ साली तोच माणूस अमेरिकेच्या काँग्रेसवर गेला, उत्तरेतून गेलेला पहिला काळा खासदार. शिडीची पहिली पायरी बायांनी बांधली होती.

१९२० साली एकोणिसावी घटनादुरुस्ती झाली, देशभर बायांना मत मिळालं. कागदावर. दक्षिणेतल्या काळ्या बाईला वाचता येतं का म्हणून परीक्षा, मतासाठी कर, नाहीतर धमकी. ते दार कायद्यानं उघडायला १९६५ साल उजाडलं. ज्या दक्षिणेचं मन राखायला काळ्या बायांना मागं चला म्हटलं होतं, त्या दक्षिणेनं पुढं पंचेचाळीस वर्षं त्यांना पेटीपर्यंत येऊ दिलं नाही. पडतं घेतल्याची किंमत अशी दुसऱ्याच्या खात्यावर पडते.

आयडाबाई १९३० साली स्वतः इलिनॉयच्या सिनेटला उभ्या राहिल्या. पडल्या. १९३१ च्या मार्चमध्ये वारल्या. २०१९ साली शिकागोच्या भर वस्तीतल्या रस्त्याला त्यांचं नाव लागलं. नावासाठी माणसं काय काय सोसतात हे आपल्याला सांगायला नको.

एक योगायोग सांगतो. इलिनॉयच्या कायद्यावर जून १९१३ च्या अखेरीस सही झाली, आणि जुलैत बाबासाहेब शिकायला न्यूयॉर्कला उतरले. पुढं सायमन कमिशनपुढं त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. १९५० साली घटनेनं आपल्या आईला, आजीला, बापाबरोबर एकाच दिवशी मत दिलं. पेटी एकच. अर्धं नाही, मागच्या रांगेचं नाही. आपल्या आज्यांना त्यासाठी आमदारांची कार्डं करावी लागली नाहीत. म्हणून त्या मताची किंमत कमी होत नाही. ते एका रात्रीच्या बाटलीवर जातं, तेव्हा अल्फा क्लबच्या बायांचे जिने आठवावेत.

आणि आता आपल्याच अंगावरची गोष्ट. दलित पँथर हे नाव आपण १९७२ साली काळ्यांच्या लढ्यावरून घेतलं. नाव घेतलं, तर त्यांच्या चुकाही वाचल्या पाहिजेत. आपल्या मोर्चात बाया किती असतात आणि कुठं असतात? भाषणाच्या वेळी स्टेजवर किती, आणि भाकरी बांधताना किती? वस्तीतली पोरगी माईक मागते तेव्हा ‘ताई, तुमचं नंतर’ असं कोण म्हणतं? गोरी बाई नसते तिथं. आपणच असतो.

पुढच्या मोर्चाच्या रांगा लावायला बसाल, तेव्हा कागदावर नावं लिहिणाऱ्यांत दोन-चार बाया बसवा. आणि एखादी न विचारता गर्दीतून येऊन पुढच्या रांगेत घुसली, तर तिच्या दोन्ही बाजूंनी चालायला तयार राहा. बेल स्क्वायर आणि व्हर्जिनिया ब्रुक्स यांनी एवढंच तर केलं होतं.