कल्याणची माघी पौर्णिमा

बाहेरगावचे स्नेही विचारतात, ठाणे-कल्याणकडे रात्री पाहण्यासारखं काय? ठाण्याची तलावपाळी आहेच; पण मी हाजीमलंगचं नाव घेतो, तेही माघी पौर्णिमेच्या रात्रीचं. उरूस एरवी हिजरी तारखेने भरतात, हा मराठी पंचांगाने भरतो! चांदण्यात डोंगर चढणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक असतात.

दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे. १८१७ मध्ये मुसलमानांनी त्यावर हरकत घेतली, तेव्हा चिठ्ठ्या टाकून निकाल करायचं ठरलं. ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर सांगतं, तिन्ही वेळा चिठ्ठी केतकरांच्याच बाजूने निघाली. वर्गात हा किस्सा मी हटकून सांगतो, आणि आपल्या लोकांनी तो सांगायला कचरू नये असं मला वाटतं. पुढे पन्नाशीच्या दशकात सर्वोच्च न्यायालयानेही हे संमिश्र स्थान असल्याचं नमूद केलं.

अलीकडे मात्र इथे मच्छिंद्रनाथांची समाधी असल्याचा दावा जोरात आहे. पौर्णिमेला यात्रेकरूंइतकाच पोलिसांचा बंदोबस्त डोळ्यांत भरतो. तरी जा. कल्याण स्टेशनहून मलंगवाडीची बस मिळते. पाण्याची बाटली घ्या, चढ दमवणारा आहे.