खुराक कुणाचा?

आमच्या घरात पैलवानाचं मोठेपण त्यानं किती कुस्त्या मारल्या यावर कधी ठरलं नाही. आजोबांचा पहिला प्रश्न असायचा, "खुराक कुणाचा?" कुस्ती काय, आज मारली, उद्या पडली. पण पोराला दूध, तूप, बदाम कुणी पुरवले हे समजलं की त्यांच्या मते तो पैलवान पुरता समजला. अमेरिकेतली पोरं च्युइंगगमच्या पुड्यांतून मिळणारी बेसबॉलपटूंची चित्रं जमवायची, खिशात घेऊन हिंडायची. आमच्याकडचा हिरो चित्रात नव्हता. तो चार घरं सोडून तालमीत राहायचा, पहाटे चारला उठून जोर-बैठका मारायचा, आणि त्याच्या पोटात गेलेल्या दुधावर अख्खी पेठ हक्क सांगायची.

आजोबांच्या गोष्टी खासबागेच्या कुस्ती मैदानापासून सुरू व्हायच्या. 1902 साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, वाटेत रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसलं मैदान आपल्या कोल्हापुरात हवं असं त्यांच्या मनानं घेतलं. 1907 ला काम सुरू झालं, 1912 ला मैदान खुलं झालं. मधे आखाडा, भोवती चढत गेलेली मातीची उतरण, मधे खांब नाही की छप्पर नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही लांग धरलेली दिसावी अशी रचना. पहिल्या कुस्तीला इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन. हा इमामबक्ष म्हणजे गामा पैलवानाचा धाकटा भाऊ. दोनच वर्षांपूर्वी त्यानं लंडनला स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला पाडलं होतं.

ती कुस्ती पणजोबांनी बघितली होती, असं आजोबा सांगायचे. इमामबक्षनं शड्डू ठोकला तो रंकाळ्यावर ऐकू गेला म्हणे. मी लहान असताना तो आवाज रंकाळ्यापर्यंतच जायचा. मी कॉलेजात जाईपर्यंत तो पंचगंगेच्या घाटावर पोचला होता. मला यात काही गैर वाटत नाही. कुस्ती किती मिनिटं चालली हे लक्षात ठेवायला कागद असतात. म्हाताऱ्या माणसांनी आवाजच लक्षात ठेवावा.

महाराजांनी पंजाबातून मल्ल आणले, त्यांना ठेवून घेतलं, तालमी बांधल्या, खुराक सुरू केला. हे सगळं पुस्तकात आहे. आजोबांची टीप मात्र पुस्तकात नाही. "महाराजांनी खुराक दिला म्हंजे कुणी दिला रं? सारा कुणी भरला? आम्हीच की!" म्हणजे पंजाबचा मल्ल असो की पन्हाळ्याचा, त्याच्या दंडाच्या बेटकुळीत आपल्या जोंधळ्याचाही वाटा. महाराजांवर जीव टाकणारा हा माणूस हिशेबाच्या वेळी महाराजांनाही सोडत नसे.

हा हिशेब खरा कसाला लागला तो खाशाबा जाधवांच्या वेळी. कराडजवळच्या गोळेश्वरचं हे पोर, 15 जानेवारी 1926 चा जन्म, शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. अंगानं किरकोळ. 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. तिथं प्रथमच मॅटवर उतरून हा मातीतला गडी सहावा आला. पण 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. दरबार गेला, तसा खुराकाचा धनीही गेला. 1952 ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा खाशाबांना लोकांपुढं हात पसरावा लागला. गावानं वर्गणी काढली, दुकानदारांनी दिले, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

आमच्या आजोबांनी किती दिले, यावर घरात कायम वाद होता. ते म्हणायचे पाच रुपये. आजी म्हणायची, "दोन. आणि तेबी माझ्या डब्यातले."

हेलसिंकीत काय घडलं ते त्यांना तोंडपाठ होतं. जपानच्या शोहाची इशीबरोबर लांबलेली झुंज, एका गुणानं हार, आणि तिथून उठतोय तोवर लगेच सोव्हिएत रशियाच्या ममदबेयोव्हसमोर उभं राहायचा हुकूम. दोन कुस्त्यांच्या मधे विश्रांती मिळायला हवी होती, पण तसं सांगायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. हे सांगताना आजोबांचा आवाज चढायचा. मैदानात वस्तादाशिवाय पोर सोडणं ही त्यांच्या लेखी सगळ्यात मोठी नामुष्की. पदक कुठलं मिळालं हे त्यानंतर. मिळालं ते कांस्य, 23 जुलै 1952, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्या लढवल्या आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवायला हातभार लावला, असं सांगतात. पदकाइतकंच या फेडीचं कौतुक आमच्या घरात व्हायचं. पुढं ते पोलिसात गेले आणि 14 ऑगस्ट 1984 ला अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला 2000 साली. त्यावर आजोबा काही बोलले नसते, कारण तोवर तेही नव्हते. पण बोलले असते तर ते इथं छापता आलं नसतं.

खाशाबांच्या पाठोपाठ श्रीपती खंचनाळे 1959 ला पहिले हिंदकेसरी झाले, दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला पाडून. त्याच वर्षी महाराष्ट्र केसरीचा किताबही त्यांनाच. गाव एकसंबा, चिकोडी तालुका. राज्यपुनर्रचनेनंतर ते पलीकडं म्हैसूर राज्यात गेलेलं. सीमा आखणाऱ्यांनी गाव तिकडं टाकलं, पण शाहूपुरी तालमीनं पैलवान इकडं ठेवून घेतला. 1960 ला गणपत आंदळकर हिंदकेसरी, आणि 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांना ग्रीको-रोमनचं सुवर्ण. गाव पुनवत, जिल्हा सांगली. तेही मोतीबागेत येऊन कोल्हापूरचेच झाले. बाहेरचं पोर आपलं म्हणायला या शहराला वेळ लागत नाही. दूध पाजलं की झालं.

दूध ही आमच्याकडे नुसती म्हणायची गोष्ट नव्हती. गंगावेशीत रात्री म्हशी येऊन उभ्या राहायच्या, अजूनही राहतात. गवळी समोर धार काढतो, पेला फेसानं वर येतो, आणि गिऱ्हाईक उभ्याउभ्या तो रिकामा करतं. पैलवान आला की बाकीचे बाजूला सरायचे. कुणी सांगायला लागायचं नाही. वडील पैलवान नव्हते, पोस्टात होते, तरी ते पेला तोंडाला लावताना छाती किंचित पुढं काढायचे. सगळेच काढायचे. त्या कट्ट्यावर खांदे पाडून उभा राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही.

तालमीतल्या हौद्याचा वास मात्र लिहून सांगणं अवघड. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती मळलेली. पोरं खोऱ्यानं ती रोज उकरायची, कारण न उकरलेली माती हाडं मोडते. आमच्या थोरल्या काकांचे कान तिथंच मोडले. गड्डा होऊन चुरगळलेले ते कान त्यांनी जन्मभर मिरवले. मुलगी बघायला गेले तेव्हा टोपी काढून बसले, म्हणजे कान दिसावेत. सासऱ्यानं पत्रिका बघितली नाही. निर्व्यसनी, वस्तादाच्या धाकातलं पोर, एवढं त्या कानांनी सांगितलं.

याची दुसरी बाजू आजी सांगायची, आणि ती सांगताना आजोबा अंगणात निघून जायचे. घरात म्हैस एक. निरसं दूध काकांच्या तांब्यात, उरलेलं विरजणाला, आणि पोरींच्या वाटीत जे पडायचं त्याला आजी "दुधाचं पाणी" म्हणायची. तालमीच्या उंबऱ्याआत बाईनं जायचं नाही, कारण आत मारुती. पण त्या मारुतीच्या भक्ताला लागणारं तूप कढवायचं बाईनंच. आमच्या आत्या दोघी काकांपेक्षा उंच होत्या. पुढं वडणग्याची रेश्मा माने, मुरगूडच्या आखाड्यात घडलेली नंदिनी साळोखे अशा मुली कुस्तीत नाव काढू लागल्या, तेव्हा धाकट्या आत्यानं त्यातल्या एकीचा वर्तमानपत्रातला फोटो कापून आरशाच्या चौकटीत खोचला. कोणती कुस्ती, कुणाशी, तिला ठाऊक नव्हतं. "हिला दूध मिळालं," एवढंच म्हणाली.

आता बऱ्याच तालमींचा जीव फुटबॉलमध्ये आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम ही नावं शाहू स्टेडियमवर जर्सीच्या पाठीवर धावतात, आणि वर्ल्डकप आला की पेठेत ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक लागतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं, तेही नेमबाजीत. खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शहर रस्त्यावर आलं.

कुस्तीचा खुराक दरबाराकडून वर्गणीवर आला, तिथून काही पोरांपुरता साखर कारखान्यांच्या मानधनावर. बाकीच्यांचा अजून घरूनच येतो. काकांचा नातू शहरातल्या तालमीत होता तेव्हा त्याचा तुपाचा डबा सकाळच्या एसटीनं यायचा. ड्रायव्हरच्या मागं खिडकीपाशी ठेवलेला, वर सुतळीनं नाव बांधलेलं. कंडक्टरनं त्याचे कधी पैसे घेतले नाहीत. पण जत्रेच्या मैदानात पोरगं चितपट झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी डबा द्यायला काका स्टँडवर गेले, तर कंडक्टरनं तो हातात घेऊन तोलला आणि चारचौघांत विचारलं, "काल पाठ लागली म्हणं? पुढच्या मैदानातबी असंच झालं, तर डब्याचं तिकीट फाडणार बघा, आण्णा."