वाऱ्यावर पाणी तापतं का?

गिरणीतून दळण आणलंय ना कधी? पिठाचा डबा हातात घेतला की गरम लागतो. चक्कीत जाळ कुठंच नसतो. मोटर दगड फिरवते, दगड घासतात अन् ती सगळी मेहनत उष्णता होऊन पिठात उतरते. आता मोटरच्या जागी वारा ठेवा. आजचा एपिसोड एवढाच आहे.

हे मोजून दाखवलं जेम्स जूलनं, 1840 च्या दशकात. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डचा, बिअर बनवणाऱ्या घरातला मुलगा. (हो, तेच मँचेस्टर, जिथल्या गिरण्यांना पुढं आपल्या वऱ्हाडचा कापूस लागला. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेलं, त्यात कापसाचा मोह होताच.) जूलनं वजनं खाली सोडली, त्यांच्या दोरीनं पाण्यातली वल्ही फिरवली आणि पाणी किती तापलं ते पाहिलं. एका अंशापेक्षाही कमी! पण आकडा पक्का निघाला.

पुढं 1970 च्या दशकात तेल महागलं, तेव्हा डेन्मार्कच्या लोकांनी तीच वल्ही पवनचक्कीला जोडली. जनरेटर नाही, इन्व्हर्टर नाही. वारा पाणी घुसळतो, पाणी तापतं, घर ऊबदार राहतं. यातली एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून जाम आवडते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची शक्ती आठपट होते. वल्ह्यांचा वेग दुप्पट केला तर त्यांनाही आठपटच शक्ती लागते. म्हणजे दोघांचं आपोआप जुळतं, मध्ये सॉफ्टवेअर नको. माझी नोकरी गेली म्हणा ना!

1990 च्या दशकात तिथं कॅलोरियस नावाची छोटी चक्की विकली जायची. 5 मीटरचा पंखा, सेकंदाला 11 मीटर वाऱ्यात साडेतीन किलोवॅट उष्णता. मी हिशेब केला: 15 लिटरची बादली 20 अंशांवरून 45 वर न्यायला साडेसात मिनिटं.

आमच्या अकोल्याच्या घरी आजी अजून बंबात पऱ्हाटी जाळते. सकाळी मोरी धुरानं भरते, तिला खोकल्याची उबळ येते. त्यामुळं हा आकडा मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितला. ती म्हणाली, "पोट्ट्या, वारा तं आखाडात सुटते. गरम पाणी लागते पुसात."

खलास.

तिचं बरोबर होतं. डेन्मार्कला थंडी आणि जोराचा वारा एकाच वेळी येतात. आपल्याकडं वाऱ्याचे महिने जून ते ऑगस्ट; पौषात वारा मंदावतो. तो सेकंदाला साडेपाच मीटर धरला, तर निम्म्या वेगाला शक्ती एक अष्टमांश, म्हणजे तीच बादली तापायला तासभर. आणि पावसाळ्यातली उष्णता टाकीत भरून पौषापर्यंत थोडीच टिकते? वीज निदान तारेनं दुसऱ्या गावी पाठवता येते. चिखलदऱ्याकडं डोंगरावर पवनचक्क्या दिसतात त्या वीज करतात, पाणी तापवत नाहीत, ते उगाच नाही.

पण पुसात वऱ्हाडात ऊन मात्र कडक असतं. या दिवाळीत गच्चीवर सोलर बसवला. बंब मोरीजवळच आहे. आभाळ आलं की आजी तो पेटवते.