पंधरा मिनिटांचा नियम आणि उघडे राहिलेले दार

१/ १९९५. स्वीडनमध्ये 'मायएसक्यूएल' हा डेटाबेस जन्मास आला. मायकेल विडेनियस यांच्या कन्येचे नाव 'माय'. तेच या डेटाबेसला मिळाले. पुढे जगभरातील नवशिक्यांनी आपला पहिला सर्व्हर याच्याच आधारे उभारला.

२/ त्या काळी डेटाबेस सर्व्हर उभारणे हे तज्ज्ञांचे काम होते. स्मृती किती द्यावी, एका वेळी किती जोडण्या स्वीकाराव्यात, हे सारे हाताने ठरवावे लागे. मायएसक्यूएलच्या कर्त्यांनी मात्र स्वतःला एक दंडक घालून घेतला: डाउनलोड केल्यापासून पंधरा मिनिटांत सर्व्हर चालू झालाच पाहिजे.

३/ सेटिंगची फाइल साध्या मजकुराची होती, पण पर्याय असंख्य. म्हणून सोबत तयार नमुने देण्यात आले: स्मॉल, मीडियम, लार्ज, ह्यूज. 'स्मॉल' ६४ एमबी वा त्याहून कमी स्मृतीच्या यंत्रासाठी, तर 'ह्यूज' १ ते २ जीबीसाठी. नवशिक्याने आपल्या यंत्राची स्मृती पाहावी आणि योग्य नमुना उचलावा, इतकेच.

४/ २००२ मध्ये 'झॅम्प' आले. अपाचे, मायएसक्यूएल, पीएचपी आणि पर्ल एकाच गठ्ठ्यात! विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकावर सर्व्हर नांदू लागला.

५/ या सुलभतेची किंमत होती. 'रूट' या सर्वाधिकारी खात्याला आरंभी पासवर्डच नसे. शिवाय निनावी खाते आणि 'टेस्ट' डेटाबेस आयते मिळत. पासवर्ड घालणे नवशिक्यावर सोपवलेले होते. जानेवारी २००५ मध्ये विंडोजवरील मायएसक्यूएलमध्ये एक वर्म शिरला. रूटचे दुबळे पासवर्ड ओळखून त्याने हजारो यंत्रे ताब्यात घेतली.

६/ कर्त्यांनी दिशा बदलली. २०१५ च्या ५.७ आवृत्तीत स्थापनेच्या वेळीच रूटसाठी यादृच्छिक पासवर्ड तयार होऊ लागला. निनावी खाते आणि 'टेस्ट' डेटाबेस हद्दपार झाले.

७/ ते जुने नमुनेही ५.६ आवृत्तीत, २०१३ मध्ये, निवृत्त झाले होते. १ जीबीला 'ह्यूज' म्हणण्याचे दिवस सरले होते. २०१८ च्या ८.० आवृत्तीत तर एक पर्याय चालू केला की सर्व्हर स्वतःच यंत्राची स्मृती पाहून मुख्य आकडे ठरवू लागला.

८/ पंधरा मिनिटांच्या नियमाने लाखोंना दार उघडून दिले. त्या दाराला कडी आयतीच लावून द्यावी, हे उमगण्यास मात्र वीस वर्षे लागली.