इलाज की आधार? स्वमग्नतेच्या उपचारांचा इतिहास आणि कळवणचा प्रश्न

आजचा विषय वैद्यकाचा वाटतो, पण आम्ही तो इतिहासाच्या अंगाने मांडणार आहोत. स्वमग्नता, म्हणजे ज्याला आता खेड्यापाड्यातही ‘ऑटिझम’ म्हणू लागलेत, तिच्यावर आज दहा प्रकारच्या थेरपी सांगितल्या जातात. त्यातली कोणती कुठून आली आणि का आली, हे कळल्याशिवाय कळवण-अभोण्यातल्या आईबापांना काय घ्यावं आणि काय सोडून द्यावं हे ठरवता येत नाही. आणि ठरवावं तर लागतंच. नाशिक इथून 70-80 किलोमीटर. आठवड्यातून दोनदा थेरपीला जायचं तर घरातल्या एका माणसाचे दोन रोज बुडतात, एसटीचं भाडं वेगळं, आणि कांदा काढणीच्या दिवसांत तर विचारूच नका.

आधी शब्दाकडे बघू. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला वापरात आणला, तोही मोठ्या माणसांच्या स्किझोफ्रेनियाबद्दल बोलताना. मराठीत त्याचं ‘स्वमग्नता’ झालं. शब्द सुंदर आहे, पण आमच्या मते थोडा फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, हे मूल स्वतःत रमलंय, बाहेरचं त्याला काही जाणवतच नाही. पुष्कळ मुलांच्या बाबतीत नेमकं उलट असतं. बाहेरचं त्यांना फार जाणवतं. लग्नाचा बँड, मिक्सरचा आवाज, गडावरच्या चैत्रोत्सवातली गर्दी, नव्या शर्टाच्या मानेपाशी टोचणारं लेबल. कान झाकून कोपऱ्यात बसलेलं पोर मग्न नसतं, ते स्वतःला वाचवत असतं.

लहान मुलांमधल्या या अवस्थेचं वर्णन 1925 साली मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी केलं होतं. जगाने ते फारसं वाचलं नाही. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 11 मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी, आणि तिथून हा विषय वैद्यकात रुजला. कॅनर यांचं निरीक्षण बारीक होतं. पण या मुलांच्या घरात मायेची ऊब कमी दिसते, अशा अर्थाचं एक निरीक्षणही त्यांनी त्यात नोंदवलं, आणि त्याची किंमत पुढे हजारो आयांनी मोजली. शिकागोत ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना टोकाला नेली: आई थंड, म्हणून मूल आत मिटलं. मग उपचार काय? मुलाला आईबापांपासून दूर ठेवा!

हसू नका. बेटेलहाइम इथे कोणी वाचला नसेल, पण त्याचं वाक्य आपल्याकडे न वाचताच उगवतं. ‘आई दिवसभर शेतात, पोराशी बोलायला कोण?’ ‘हातात मोबाइल दिला, मग असंच होणार.’ ‘गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही.’ मोबाइल फार दिल्याने बाकीची नुकसानं होतात, ती होतातच. पण स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतली वेगळी घडण आहे, तिच्यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे, आणि आईच्या वागण्याने ती येत नाही. हा निष्कर्ष आता जुना झाला. 1964 साली बर्नार्ड रिमलंड यांनी ‘दोष आईचा नाही’ ही बाजू सविस्तर मांडली. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता.

इथे या इतिहासातला एक धागा हातात येतो, तो सोडू नका. लंडनमध्ये 1962 साली पालकांनी एकत्र येऊन संस्था काढली. तिच्यातल्या लॉर्ना विंग मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि अशा मुलीची आईही. आपल्याकडे मुंबईत 1944 साली जय वकील शाळा निघाली, तीही एका आईबापांनी आपल्या लेकीसाठी. आपल्या नाशिकमध्ये 1977 साली रजनी लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. त्यांच्याही घरी विशेष मूल होतं. दिल्लीत 1991 च्या सुमारास मेरी बरुआ यांनी ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ उभी केली, त्याही स्वमग्न मुलाची आईच. ज्यांच्यावर शास्त्राने ठपका ठेवला, त्यांनीच शाळा काढल्या. सरकार आणि विद्यापीठं मागाहून आली.

प्रबोधिनीसारख्या शाळा निघाल्या तेव्हा आपल्याकडे एकच पाटी होती, ‘मतिमंद’. तिच्याखाली सगळे आले: डाऊन सिंड्रोमची मुलं, मेंदूला इजा झालेली, आणि स्वमग्नही. 1991 मध्ये ‘चौकट राजा’ने घराघरात नंदू पोचवला, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण नंदू स्वमग्न नव्हता, आणि लोकांच्या मनात ‘असं मूल’ म्हणजे नंदू हे चित्र पक्कं बसलं. कायद्यातही तेच. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, स्वमग्नता त्यात नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचं नाव आलं, पण नोकरी-आरक्षणाच्या अंगाने पूर्ण मान्यता मिळाली ती 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने. त्यात 21 प्रकार आहेत. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या तरुणाचं सगळं शालेय वय ‘कोणत्या रकान्यात लिहू?’ या प्रश्नात गेलं.

आता थेरपीकडे. उत्तर कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनी बेटेलहाइमच्या अगदी विरुद्ध वाट धरली. ते शिकागोतच शिकलेले, म्हणून विशेष. आईबापांना त्यांनी उपचारातले सोबती केलं, आणि मुलाला आपल्यासारखं वागायला लावण्याआधी भोवतालची मांडणी त्याला समजेल अशी करा, असं सांगितलं. 1972 पासून त्या राज्याने ही पद्धत सरकारी खर्चाने चालवली. तिचा गाभा साधा आहे. या मुलांना ऐकलेलं हवेत विरल्यासारखं वाटतं, पाहिलेलं टिकतं. म्हणून दिवसाचा क्रम चित्रांत लावा. दात घासणं, अंघोळ, भाकरी, शाळा, खेळ. एक झालं की एक चित्र काढून ठेवा. याला यंत्र लागत नाही. पुठ्ठा, मोबाइलवर काढून छापून आणलेले घरातले फोटो आणि चिकटपट्टी एवढं पुरतं. बाजारातली विदेशी चित्रं घेऊ नका. त्यातली बस आपल्या एसटीसारखी दिसत नाही, मग मूल ओळखणार कसं?

दुसरी वाट कॅलिफोर्नियातल्या इव्हार लोवास यांची. 1987 च्या त्यांच्या अभ्यासात 19 मुलांना आठवड्याला सुमारे 40 तास एकास एक शिकवलं गेलं, आणि त्यातली 9 मुलं सामान्य शाळेत इतरांसारखी चालू लागली, असा दावा होता. जगभर खळबळ उडाली. त्या पद्धतीतून पुढे चांगलंही निघालं: कामाचे बारीक तुकडे करणं, जमलं की लगेच दाद देणं. पण दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. त्या अभ्यासात मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटली नव्हती, आणि सुरुवातीच्या वर्षांत या प्रयोगांत चापट मारणं, विजेचा झटका देणं असले प्रकारही झाले. अशा शिकवणीतून गेलेली काही मुलं मोठी झाली, तेव्हा त्यांनी लिहिलं की आम्हाला हात हलवू न देणं, जबरदस्तीने डोळ्यांत बघायला लावणं, हे उपचार आमच्यासाठी नव्हते, ते बघणाऱ्यांच्या सोयीसाठी होते. 1993 मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न कार्यकर्त्याने पालकांच्याच परिषदेत मांडलं की आमच्यासाठी शोक करत बसू नका. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा वळसा आहे. ‘बरा होईल का?’ याच्या जागी ‘बरं जगेल कसा?’ हा प्रश्न आला.

जाता जाता, शेतकरी मंडळींसाठी एक. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न बाई पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत. तरुणपणी मावशीच्या रँचवर त्यांनी पाहिलं, लस टोचायला जनावर खोड्यात घेतलं आणि दोन्ही बाजूंनी दाबलं की ते शांत होतं. त्यांनी स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं. घट्ट पांघरुणात, गोधडीच्या वजनाखाली काही मुलं शांत झोपतात, ते याच जातीचं. सगळी नव्हे. काहींना स्पर्शच नको असतो, त्यांना दाबू नये.

40 तासांचं गणित कळवणला बसत नाही. मग काय बसतं? उत्तर अमेरिकेत शोधायला नको, गोव्यात सापडतं. तिथल्या ‘संगत’ संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या गटाबरोबर एक प्रयोग केला, 2015 मध्ये तो ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आला. 65 मुलं, वय 2 ते 9, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटात डॉक्टर नव्हे, थेरपिस्टही नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते पंधरा दिवसांतून एकदा, सहा महिने, आईबापांबरोबर बसत. आई मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, तो तिलाच दाखवायचा, आणि मुलाने नजर वळवली, हात पुढे केला, तो क्षण तिला ओळखता यावा इतकंच करायचं. आईबापांचं मुलाच्या लयीत प्रतिसाद देणं बरंच सुधारलं, मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ मात्र घटला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे छापलं. चमत्कार नाही. पण हे काम आपली आशाताई, अंगणवाडीताई शिकू शकते, ही बातमी आपल्यासाठी चमत्काराहून मोठी आहे.

निम्मी यंत्रणा तर कागदावर उभी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तपासणीच्या यादीत वाढीतला उशीर आणि स्वमग्नताही आहे, आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. पथक आलं की ‘आमचा बोलत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, बोटाने दाखवत नाही’ हे तिन्ही स्पष्ट सांगा. ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणत दोन-तीन वर्षं घालवू नका. नवस फेडायला गडावर जरूर जा, देवी रागावणार नाही, पण त्याच आठवड्यात कान तपासून घ्या.

एक अडचण मात्र कळवणची स्वतःची आहे. घरात कोकणी, भिली किंवा अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, मोबाइलवर इंग्रजी गाणी. शहरातून सल्ला मिळतो, ‘घरी एकच भाषा बोला’, आणि ती एक म्हणजे मराठी किंवा इंग्रजी. आम्हाला हा सल्ला मान्य नाही. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. आणि आजीची भाषा काढून घेतली तर मुलाशी बोलणारं घरात उरतं कोण? चित्रांखालचा शब्द घरातल्या भाषेतच लिहा. आश्रमशाळेचाही विचार व्हायला हवा. पन्नास मुलं एका दालनात, ताटांचा खणखणाट, घंटा. असं मूल तिथे टिकत नाही, आणि पळून आलं की ‘बिघडलेलं’ ठरतं. प्रकल्प कार्यालय इथेच कळवणला आहे. एक शांत खोली आणि एक प्रशिक्षित शिक्षक, एवढी मागणी तिथे करता येते.

खोट्या इलाजांवर थोडक्यात. लसीमुळे ऑटिझम होतो हे 1998 चं 12 मुलांवरचं संशोधन ‘लॅन्सेट’ने 2010 मध्ये मागे घेतलं. गोवराची लस चुकवू नका. स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये मागणारे आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या समितीने 2022 मध्ये स्वमग्नतेसाठी त्याची शिफारस होऊ शकत नाही असं सांगितलं आहे. जमीन गहाण ठेवू नका. झोप, फिट, अति चिडचिड यांवर औषधं आहेत, ती डॉक्टरांकडूनच घ्या. मूळ स्वमग्नतेवर गोळी नाही.

शेवटी मोठ्या मुलांबद्दल, कारण त्यांच्याविषयी बोलायचं राहूनच जातं. प्रमाणपत्रासाठी 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. 40 टक्के किंवा जास्त निघालं की सवलती लागू होतात. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना 1 लाखापर्यंत आरोग्य विमा देते, तिच्यात थेरपीचा खर्चही येतो. आणि मूल 18 वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान. त्याच्या नावाची जमीन, बँक खातं यांचे व्यवहार एकट्याला झेपणार नसतील तर आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. त्या समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. सतराव्या वर्षीच कागद गोळा करायला लागा, आणि अर्ज करण्याआधी मुलाला विचारा, कोण हवं. बोलत नसेल तर फोटो समोर ठेवा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.